मारुतीचा घरटॅक्स

बाबा गेल्यानंतर चौथ्या दिवशी सकाळी घरटॅक्सचे साहेब आले. भेटायला आले असतील असं समजून काकांनी खुर्ची पुढे केली. सुतकाच्या घरचं पाणी त्यांनी नको म्हटलं, आईची विचारपूस केली, आणि मग रस्त्याकडच्या खोलीच्या दारावरची पाटी वाचली. ती काकांनीच खडूनं लिहिली होती: 'सुतकामुळे मंदिर बंद.'

ती खोली म्हणजे बाबांचा मारुती. सदरमधल्या कचेरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी तिथं मूर्ती बसवली, सीताबर्डीवरून घंटा आणली आणि सार्वजनिक मंदिर म्हणून त्या खोलीचा टॅक्स माफ करून घेतला. रक्कम क्षुल्लक होती. पण जन्मभर दुसऱ्यांचे अर्ज पुढे सरकवणाऱ्या माणसाचा स्वतःचा एक अर्ज मंजूर झाला होता, आणि आईला त्याचा फार अभिमान होता.

माझा मात्र विरोध होता. "कोपऱ्यावरचा पंक्चरवाला टॅक्स भरतो, मग मारुतीनं का भरू नये? रस्ता तोही वापरतोच ना?"

"मारुती उडून जाते वं," बाबा म्हणायचे. "त्याले रस्ता कायले लागते?"

"आणि नाली?"

"ब्रह्मचारी आहे तो. एकट्याचं सांडपाणी असं किती?"

तपासणीची चाहूल लागली की बाबा आईला शिरा करायला सांगत आणि साऱ्या गल्लीला प्रसादाला बोलावत. साहेबांना गर्दी दिसे. एरवीचे भक्त म्हणजे शेजारच्या काकू आणि परीक्षेच्या दिवसांत दोन-चार पोरं.

"मंदिराले सुतक कसं लागलं?" साहेबांनी मऊ आवाजात काकांना विचारलं. "सुतक घराले असते. सार्वजनिक मारुतीचं तर कोणी गेलं नाही."

काकांनी खुर्ची आणखी पुढे सरकवली.

"म्हणजे हे तुमचं घरचंच देवघर झालं," साहेब म्हणाले. "माफी रद्द करा लागते भाऊ."

आतल्या खोलीतलं रडणं थांबलं. मग आईचा आवाज आला, "लेकीचं सुतक तीन दिवसांत फिटते. तिचं फिटलं काल. उघड वं बाई दार."

खरंच होतं. लग्न झालेल्या मुलीला बापाचं सुतक तीनच दिवस. खापरखेड्याला सासर आहे म्हणून माझं दुःख लवकर वाळतं की काय, असा आदल्या दिवशी मला रागच आला होता. आता मारुतीला शिवू शकेल असं घरात एकच माणूस होतं, आणि ते त्याच्याकडून टॅक्स घ्यावा या मताचं होतं.

मी पाटी काढली, कुलूप उघडलं. रुईचा हार वाळून गेला होता. दिवा लावला, तो विझला, पुन्हा लावला. साहेब बूट काढून उंबऱ्याशी उभे राहिले.

"ताई, तुम्ही शिकलेल्या दिसता. खरं सांगा. हे मंदिर सगळ्यांचं आहे, का तुमचं?"

आत आई ऐकत होती. मी तोंड उघडलं. काय बोलणार होते, ते मला आजही सांगता येत नाही, कारण तेवढ्यात मला बाजूला सारून तेलाची बाटली घेतलेल्या शेजारच्या काकू आत शिरल्या.

"उघडलं एकदाचं! किती दिवसाचा उपाशी आहे मारुती! सुतक तुम्हाले, मग आम्हाले काहून कोंडता? अन् हे कुलूप लावणारे कोण? मारुती का याइच्या बापाचा आहे?"

मग माझ्याकडे लक्ष जाताच त्यांनी जीभ चावली.

साहेबांनी हसू आवरायला घंटेकडे पाहिलं. "राहू द्या काकू, समजलं," ते म्हणाले. "माफी राहू द्या तशीच. पण भाऊ, ते पाटी पुन्हा लावू नका."

मी आईच्या दाराशी जाऊन सांगितलं, "माफी राहिली."

तिनं पदरानं तोंड पुसलं. "तुह्या बाबाले सांग जाय," ती म्हणाली, रोजच्यासारखी. मी "हो" म्हणाले. आईला आपण काय बोललो ते कळलं असावं, पण तिनं शब्द मागे घेतले नाहीत.

"अन् त्याइच्यासंग भांडू नको," ती म्हणाली.