शेरव्यातलं मीठ

रमझानच्या महिन्यात तळेऱ्याच्या तिठ्यावरच्या एका गाडीचं मीठ मी बघतो. हे पद मला कोणी समारंभ करून दिलेलं नाही, शाल-श्रीफळही मिळालेलं नाही. तरी आजवर मिळालेल्या पदांपैकी एवढं एकच मी मनापासून सांभाळलं. गाडीवाल्या भाईचा रोजा असतो. जिभेच्या टोकाला लावून थुंकून टाकलं तर चालतं असं म्हणणारे आहेत. भाई त्यांच्यातला नाही. सूर्य बुडायच्या आत मटणाचा शेरवा तयार हवा, आणि चाखायचा कोणी? गाडीमागच्या बाकावर वर्तमानपत्र वाचत बसलेला, कसलाही उपास न करणारा, निवृत्त मास्तर त्याला आयताच सापडला.

"मीठ बघा, मास्तर."

"बरोबर आसा."

कित्येक वर्षं आमचं त्या वेळचं संभाषण एवढंच.

गाडी साधीच. पत्र्याचं छप्पर, पुढे हिरव्या अक्षरांत 'हलाल', त्याखाली 'शेरवा-पाव, खिमा-पाव'. देवगड-विजयदुर्गाकडे वळणाऱ्या गाड्या इथे थांबतात. ड्रायव्हर, कंडक्टर, आंब्याच्या पेट्या चढवणारे गडी, सोमवार आणि श्रावण कडक पाळून उरलेल्या दिवसांत वसुली करणारे आमचे गाववाले, सगळे इथे उभ्याउभ्या थोडक्या पैशांत पोट भरतात. शेरवा पातळ, तांबडा. पहिल्या घासाला भाजलेल्या खोबऱ्याचा गोडवा, मग मिरीचा चटका, आणि पाव संपत आला की मागून हळूच आणखी काहीतरी. त्या काहीतरीसाठी लोक दुसरा पाव मागत.

ते काहीतरी भाईच्या बायकोचं, भाभीचं होतं. मसाला ती घरी करायची, खोबऱ्याचं वाटप तीच वाटायची. तिठ्यामागच्या गल्लीतल्या दोन खोल्यांतून पातेलं निघायचं ते जवळजवळ तयार होऊनच. "वाटप तिचा, माझी नुसती हमाली," असं भाई म्हणायचा, आणि त्याला तो विनय वाटत नसे.

गेल्या पावसाळ्यात भाभीला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. समजतं सगळं. डोळ्यांत उत्तर तयार असतं, ते तोंडापर्यंत येत नाही.

काही दिवस गाडी बंद राहिली. मग भाईने स्वतः वाटप वाटलं. आयुष्यभर समोर बघितलेली गोष्ट. त्यात न जमण्यासारखं काय आहे असं त्यालाही वाटलं आणि मलाही. रमझान नव्हता, तरी पहिली वाटी माझ्यापुढे आली.

"मीठ बरोबर आसा," मी म्हटलं.

"आणि?"

'आणि' हा प्रश्न आमच्यात कधी आला नव्हता. "काय तरी कमी आसा."

"ता माकाव कळता. काय कमी आसा?"

मी आणखी एक घोट घेतला. गोडवा होता, चटका होता. मागून काहीच आलं नाही.

"ता माका सांगूक येणा नाय."

"येवढी पुस्तका वाचलास, मास्तर, आणि एक शब्द गावना नाय तुमका?"

गावला नाही. गिऱ्हाइकांना तर काही कळलंच नाही. ती पूर्वीसारखी येत राहिली, दुसरा पावही मागत राहिली, बहुधा सवयीने.

त्याच दिवसांत एक तरुण मोबाईल काठीला लावून आला. गावोगाव खाऊन लोकांना दाखवणं हा त्याचा व्यवसाय. एक घास घेऊन त्याने डोळे मिटले, ते बराच वेळ मिटलेलेच ठेवले, आणि मग "लेजेंडरी!" असं ओरडला. भाई हात पुसत पुढे आला. सरकारी कचेरीत बोलतात तसं शुद्ध मराठीत म्हणाला, "तुम्ही इतक्या ठिकाणी खाता. खरं सांगा, यात काय कमी आहे?"

"कमी? काका, परफेक्ट आहे!"

"नाही, काहीतरी कमी आहे."

"वा! हेच परत एकदा बोला ना, जरा इकडे बघून. काय साधेपणा आहे!"

आपल्या पदार्थाला कोणीतरी नावं ठेवावीत म्हणून एवढा आशेने उभा राहिलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्या चित्रफितीखाली पुढे निम्म्या लोकांनी लाल बदाम टाकले आणि निम्मे 'हलाल' या शब्दावरून भांडले. शेरव्याबद्दल कोणी काही लिहिलं नाही. गर्दी मात्र दुप्पट झाली. चव गेल्यावर गाडी प्रसिद्ध झाली.

या रमझानात भाईने एक नवं काम काढलं. मी मीठ बघितलं की तो झाकणाच्या डब्यात थोडा शेरवा घ्यायचा आणि आम्ही दोघं गल्लीतून घरी जायचो. आजारी माणसाला रोजा माफ असतो. भाभीला तो माफ केलेला आवडला नव्हता, हे चेहऱ्यावर दिसायचं. भाई तिच्या उशाशी बसून चमचा पुढे करी.

"बघ गो. आज कसो झालो?"

ती चाखायची. डोळे आढ्याला लावायची, आणि मान हलवायची. नाही.

मग मसाल्याचे डबे निघत. भाई एकेक जिन्नस तिच्यासमोर धरी. "ह्या? बडीशेप? बरा, मगे ह्या? दगडफूल?" प्रत्येकाला नाही. एकदा मदत म्हणून मीही एक डबी उघडून पुढे केली.

"ती तिरफळा आसत, मास्तर! बांगड्यात घालतत ती. मटनात कोण घालता?"

भाभीच्या चेहऱ्याची डावी बाजू हसली. त्या महिन्यात मला मिळालेलं यश तेवढंच.

कधी ती डावा हात उचलून हळूच गोधडीवर सोडायची. पहिल्यांदा भाईला वाटलं, आच मंद कर म्हणते. दुसऱ्या दिवशी त्याने मंद आचेवर शिजवलं. नाही. मग वाटलं, पाट्यावर वाट म्हणते. मिक्सर बाजूला ठेवून त्याने रोज्याच्या उपाशी पोटी पाटा-वरवंटा चालवला. नाही. मला तो हात 'सोडून दे' म्हणत असल्यासारखा वाटे. ते मी बोललो नाही. माझंही चुकत असेल.

ईद जवळ आली तेव्हा तिने तोंड उघडणं बंद केलं. चमचा पुढे आला की मान भिंतीकडे. राग नव्हता त्यात. दमली होती.

"येक घोट, गो. फक्त सांग, जवळ इलो काय?"

तिने डोळे मिटून घेतले. भाईने चमचा परत डब्यात ठेवला, झाकण लावलं. पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. आम्ही गाडीवर परत आलो.

अजान झाली. भाईने खजूर खाल्ला, पाणी प्यायला, आणि मग स्वतःसाठी वाटी भरून घेतली. रोज तो याच वेळी चाखू शकायचा. चूक असलीच तर ती कळायला एवढा उशीर व्हायचा. समोर मुंबईकडची गाडी लागली होती, माणसं उतरून पाव मागत होती. त्याने घोट घेतला, तो बराच वेळ तोंडात ठेवला, गिळला. माझ्याकडे बघितलं.

"मीठ, मास्तर?" त्याने विचारलं. शेरवा त्यानेच नुकता चाखला होता, तरी मलाच विचारलं.

"बरोबर आसा," मी म्हटलं.