गिटारीची सावकाश चावी

टेंभी नाक्यावर एक घड्याळवाला बसायचा. बोलायचा कमी, समोरच्याचे हात बघायचा फार. आमचे हे लग्नांमधून गिटार वाजवायचे. तारा ताणायच्या चाव्या झिजल्या, म्हणून हे गिटार घेऊन त्याच्याकडे गेले नि त्यानं नव्या बसवल्या. मी घरी एक पिळून बघितली नि तशीच परत गेले.

"काय रे, किती पिळायची? तार चढतच नाही!"

"मावशी, चाकाला दात जास्त आहेत. सावकाशच चढणार."

"फसवतोस होय? पहिल्यासारख्याच बसव."

त्यानं कमी दातांची चाकं बसवली.

यांचे हात तेव्हा कापायला लागलेले. चावी जराशी जास्त फिरली की तार ताडकन तुटायची. शेवटी गिटार खुंटीवर गेली.

ते हात त्यानं एकदाच बघितलेले. मी तर रोज समोर बसून जेवायला वाढायची.