दुखणं नाकाचं, औषध डोळ्याला

कापसाला कधी नव्हे असा भाव आला होता, त्या वर्षांतली ही गोष्ट. लढाई चालली होती तिकडे अमेरिकेत, तिथला कापूस विलायतेला जाईनासा झाला होता, आणि इकडे अमरावतीत सगळ्या गाड्या कापसाला लागल्याने भाड्याने बैलगाडी मिळेनाशी झाली होती. मी तिथल्या शाळेत मास्तर होतो. घरात आई, बायको आणि मी.

त्या हिवाळ्यात बायकोची सर्दी महिनाभर हटली नाही. डावी नाकपुडी चोंदलेली, घाण वासाचा पिवळा शेंबूड, आणि सकाळी उठलं की भुवईवर ठणका. घरोघरी सरकी काढायचे रेचे फिरत होते, हवेत कापसाचे बारीक तंतू उडत होते. सर्दी कुणाला नव्हती? मी लक्ष दिलं नाही.

मग एका सकाळी तिची डावी पापणी लालभडक सुजली. दुसऱ्या दिवशी डोळा मिटूनच गेला आणि सगळं घर त्या डोळ्यामागे लागलं. आईने मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. शेजारीण म्हणाली, देवी कोपली. वैद्यबुवांनी डोळे आल्याचं ठरवून लेप दिला. बायको प्रत्येकाला सांगत होती की डोळा नंतर सुजला, दुखणं नाकातून वर चढलंय. वैद्यबुवांनी तिला काही विचारलंच नाही, मला विचारलं. मी म्हणालो, दोन दिवस झाले सूज येऊन. महिन्याची सर्दी माझ्या तोंडी आलीच नाही. दाराआड तिच्या बांगड्या आपटल्याचा आवाज मी ऐकला, तरी नाही.

चौथ्या दिवशी ती तापाने फणफणली. बोटाने पापणी उचलून पाहिली तर डोळा पुढे आलेला, आणि तो इकडेतिकडे फिरेना. आता मी घाबरलो. सरकारी डॉक्टर दौऱ्यावर गेले होते. त्यांच्या हाताखालच्या माणसाने डोळ्यात घालायला एक बाटली दिली आणि अकोल्याला न्या म्हणाला.

न्यायचं कशात? दोन दिवस मी गाडीसाठी वणवण केली. माझ्या एका विद्यार्थ्याच्या चुलत्याच्या वाड्यासमोर चार गाड्या भरून उभ्या होत्या. तो शांतपणे म्हणाला, "मास्तर, बाईले बसवू त कापूस कोठी ठेवू?" तो दुष्टपणे बोलला असता तर मला भांडता तरी आलं असतं. शेवटी अकोल्यावरून खामगावकडे निघालेल्या एका गाडीवानाने गठ्ठ्यांवर जागा दिली. अडीच दिवस ती त्या कापसावर शिंकत, कण्हत पडून होती. दुखण्याबद्दल सांगणं तिने केव्हाच सोडलं होतं.

अकोल्याच्या दवाखान्यातले डॉक्टर आपल्याकडचेच, उतारवयाचे होते. डोळ्याला हात लावण्याआधी ते तिलाच म्हणाले, "नाकाचं सांगा." ती मग बोलत राहिली, किती वेळ तरी. मी खाली मान घालून उभा.

नाकाशेजारची हाडं आतून पोकळ असतात, त्यांनी मला सांगितलं. ती पोकळी आणि डोळ्याची खोबण यांच्यामध्ये कांद्याच्या पापुद्र्याएवढा पातळ पडदा. पोकळीत साचलेला पू तिथून डोळ्यामागे शिरला होता. त्याच दुपारी तिला गुंगी देऊन त्यांनी भुवईखाली, नाकाच्या बाजूने चीर दिली. दोन-तीन चमचे पू निघाला.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. डोळा जागेवर बसला, पण त्याने उजेड-अंधार एवढंच कळे. नस फार दिवस दबून राहिली, डॉक्टर म्हणाले. अजून उशीर झाला असता तर मेंदूपर्यंत गेलं असतं. ते निघून गेल्यावर ती मला म्हणाली, "वैद्यबुवांना तुम्ही एक शब्द सांगायचा होता."

घरी परतल्यावर आई येईल त्याला सांगू लागली, नजर फार कडक होती. मी हाडाची पोकळी समजावून सांगायचो. माणसं मान डोलवायची आणि मग नजर कुणाची, ते विचारायची. शेवटी मी सांगणं बंद केलं.

बायकोने मात्र केलं नाही. पुढे समोरच्या घरातल्या सुनेची पापणी सुजली, तर ही स्वतः जाऊन नाक चोंदतं का, कपाळ दुखतं का विचारत बसली आणि तिच्या नवऱ्याला हट्टाने तिला दवाखान्यात न्यायला लावलं. निघाली ती साधी रांजणवाडी. आळीतल्या बायका कितीतरी दिवस हसत होत्या. राग मला आला; बायको दुसऱ्या दिवशी पुन्हा त्या सुनेची पापणी बघायला गेली.