मोडेमचा आवाज मीच बंद केला होता

नव्याण्णव साली एका रविवारी सकाळी मी साताऱ्यात आमच्या घरातला कॉम्प्युटर दोन खेपांत उचलून समोरच्या घरी नेला. कारण फोन तिथे होता.

माझ्या बायोडेटावरही समोरच्या सुभेदार काकांचाच नंबर होता, पुढे 'पीपी', म्हणजे शेजारचा फोन. गल्लीतल्या निम्म्या घरांचा तोच नंबर...

त्याच आठवड्यात सांगलीतल्या एका कंपनीत मुलाखत झाली होती. मालकांना एका फोनलाइनवर सहा कॉम्प्युटर चालवायचे होते, त्यासाठी लिनक्स ही कॉम्प्युटर-प्रणाली येणारं माणूस हवं होतं. "येतं असं लिहिलंय ना? मग दाखवा," ते म्हणाले आणि कॉम्प्युटर फोनलाइनला जोडणारा एक मोडेम हातात दिला. रविवारी दुपारी बाराच्या आत लिनक्सवरून माझी मेल त्यांना पोचली तर नोकरी माझी. नाहीतर बाहेर बसलेल्या दुसऱ्या उमेदवाराची.

हे मी घरीसुद्धा सांगितलं नव्हतं. काकूंकडे फोन मागताना 'थोडं काम आहे' एवढंच मी म्हणाले. "लाव की, फोन काय पळून चाललाय?" म्हणत त्या भाकरीकडे वळल्या.

साडेनऊला सुरुवात केली. मोडेम मागच्या दुसऱ्या पोर्टवर होता, लिनक्सला तो लगेच सापडला. मग इंटरनेटचा पुण्याचा नंबर डायल केला... जवळजवळ मिनिटभर शांतता, आणि स्क्रीनवर 'नो कॅरिअर'. म्हणजे पलीकडच्या मोडेमचं उत्तर नाही.

शांतता होती, कारण मोडेमचा स्पीकर मी पहिल्याच कमांडमध्ये बंद केला होता. डायल करताना तो किंचाळतो, परक्या घरी त्रास नको, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे माझा फसलेला प्रत्येक प्रयत्न कुणाला ऐकू जायला नको होता.

काका खुर्ची ओढून शेजारी बसले. फौजेत ते सिग्नलमध्ये होते, त्यामुळे तार दिसली की त्यांना राहवत नसे. "कुठं लावतीयास?" त्यांनी विचारलं. "पुण्याला," मी म्हणाले.

स्वयंपाकघरात भाकरी थापण्याचा आवाज थांबला. मी तिकडे लक्ष दिलं नाही.

टोन डायलिंग बंद करून पल्स केलं, आमचं एक्स्चेंज जुनं असेल म्हणून. डायल टोनची वाट बघू नकोस, असं मोडेमला सांगितलं. वेग कमी केला. प्रत्येक बदल वेळेसकट वहीत लिहीत होते... अकरापर्यंत चौदा ओळी झाल्या. चौदाही ओळींच्या शेवटी नो कॅरिअर.

काकांनी रिसीव्हर उचलून कानाला लावला. "लाईन ओके हाय. बिघाड तुज्या डब्यात हाय."

काकू दारात आल्या. "आवं, जरा दळण घिऊन या की."

"ऐतवारी गिरण बंद असती."

"मग कडीपत्ता तरी आणा."

"कडीपत्ता दारात हाय की!" काका हलले नाहीत. काकू आत गेल्या.

साडेअकरा. आता मला माझ्या सेटिंग्जवर नाही, माझ्यावरच शंका यायला लागली होती. लिनक्स येतं, असं मी लिहिलं होतं... येतं का खरंच?

"आवाज कुठाय गं ह्येचा?" काकांनी विचारलं.

"बंद केलाय."

ते खुर्चीत पुढे सरकले. "आमी हेडफोन काढून कवा लाईन तपासली न्हाई. तू कान झाकून बिघाड हुडकतीस व्हय?"

राग आला. तरी स्पीकर चालू केला आणि पुन्हा डायल केलं.

टक टक टक... आणि मग खोलीभर एका बाईंचा स्वच्छ, नम्र आवाज. या दूरध्वनीवर एसटीडीची सुविधा उपलब्ध नाही. मग तेच हिंदीत. सकाळपासून प्रत्येक वेळी त्या हेच सांगत होत्या.

"यस्टीडी न्हाई? गेल्या ऐतवारी तर मी जालंधरला बोललो!" काका उठलेच.

काकू पिठाच्या हातांनी बाहेर आल्या. कुणाकडे न बघता त्यांनी रिसीव्हर उचलला, पदर आडवा धरला आणि काही आकडे दाबले. एक्स्चेंजकडून एक गुप्त नंबर मिळे. तो दाबला की बाहेरगावचे फोन बंद, पुन्हा दाबला की चालू.

"दर ऐतवारी समद्या पलटनीची खुशाली इचारत्यात," त्या मला म्हणाल्या. "बिल लय येतंय, म्हून काल पयल्यांदाच कुलूप घातलं."

काकांना घराबाहेर काढायची ती गिरण आणि तो कडीपत्ता मला तेव्हा कळले.

"उभी नोकरी सिग्नलात काढली," काका सावकाश म्हणाले, "आन घरातली लाईन कुणी कापली त्ये कळलं न्हाई."

"लाईन शाबूत हाय. तुमचं बोलणंच लय हाय."

अकरा पंचेचाळीस. डायल केलं. पलीकडून ती कर्कश शीळ आली, आमचा मोडेम तिला उत्तर देऊ लागला, आणि काका हात वर करून, "हां... बोलाय लागली!" म्हणाले. मेल दोन ओळींची होती. अकरा बावन्नला गेली.

साडेबाराला तोच फोन वाजला. काकूंनी उचलला, "हां, पीपीच हाय, इथंच बसलीया," म्हणत माझ्या हातात दिला. मालक म्हणाले, उद्या या.

फोन ठेवला तर दोघंही माझ्याकडे बघत होते. मग सांगावंच लागलं... सगळंच, बारा वाजण्याच्या अटीसकट.

काकूंनी कपाळावर हात मारला, पीठ तिथे लागलं. "आगं, सकाळीच बोलली असतीस तर ह्यांच्या म्होरं काढलं असतं की कुलूप!"

परवा लॅपटॉपला इंटरनेटचा डोंगल लावताना हे आठवलं. डोंगलला स्पीकर नसतो, म्हणून मशीन काय करतंय ते दाखवणारा लॉग उघडा ठेवून बसले होते. त्या रविवारनंतर मी कुठल्याही मशीनचा आवाज आधी बंद केलेला नाही... आणि अडले की आता सांगते, निदान एका माणसाला तरी.