कल्ले बघून घेतलेला स्कॅनर

खाला काहीही विकत घेताना आधी कल्ले बघायच्या. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात सुरमई ताजी आहे का ते कळायला कल्ले सगळेच बघतात. पण खाला पंखा, घड्याळ, छत्रीसुद्धा उलटीपालटी करून, चालवून बघायच्या आणि त्यालाही कल्ले बघणंच म्हणायच्या. बाजारात माडीवर त्यांचा टायपिंगचा क्लास होता, आणि सगळा बाजार त्यांना खाला, म्हणजे मावशीच म्हणायचा. मी तिथेच शिकले आणि मग तिथेच शिकवायला लागले.

टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर आले तेव्हा दुकानदार म्हणाला, विंडोजची कॉपी फुकटात टाकून देतो. "चोरीचं मीठसुद्धा मी भातात घालत नाही," खाला म्हणाल्या, आणि मासिकासोबत आलेल्या सीडीवरून लिनक्स टाकून मोकळ्या झाल्या. तेही फुकट, पण राजरोस. लोक हसले. हसू देत.

पंचाईत झाली स्कॅनरची. गल्फला जाणाऱ्या पोरांकडून एजंट स्कॅन करायला म्हणून ओरिजिनल सर्टिफिकेट घ्यायचे आणि दाबून ठेवायचे. मग पोरगा त्यांच्या मुठीत. माझ्या भावाचा, सुधीरचा, आयटीआयचा कागदही तसाच जाणार होता. खालांनी त्याला दटावलं, "कागद घराबाहेर गेला तर तंगडं मोडीन. स्कॅन मी करून देते."

म्हणायला सोपं. परवडेल तो स्कॅनर लिनक्सवर चालेना, चालेल तो परवडेना. खाला आपला कॉम्प्युटर आंब्याच्या पेटीत घालून रिक्षाने दुकानोदुकानी न्यायच्या. "जोडून दाखव बघू." दुकानदार वैतागायचे. एक म्हणाला, "खाला, एवढा हट्ट कशाला? विंडोज घ्या ना." "पैसे मी देणार आणि अट तू घालणार?" इकडे अर्जाची मुदत संपत आली, आई रडकुंडीला आली, आणि खरं सांगते, मलाही खालांचा राग यायला लागला होता.

शेवटच्या दुकानात माळ्यावर एक जुना स्कॅनर धूळ खात पडला होता. "तो नको, नव्या विंडोजवर चालतच नाही," दुकानदार म्हणाला.

"मग काढ खाली. माझाच आहे तो."

जोडला. लिनक्सने तो लगेच ओळखला. सुधीरने कागद काचेवर ठेवला. दिवा लागला, घरघरत सरकला आणि पडद्यावर कागद शिक्क्यासकट उमटला. स्कॅनर भंगाराच्या भावात मिळाला.

गल्फच्या कंपनीचा पत्ता नोकरीच्या जाहिरातीत होताच. नक्कल थेट ईमेलने गेली. सुधीरची निवड झाल्यावर एजंट तणतणत जिना चढून आला. "ओरिजिनल कुठाय?"

"ट्रंकेत. ट्रंक त्याच्या आईच्या खाटेखाली. जा, माग तिच्याकडे."

तो काही गेला नाही.

क्लास आता मी चालवते, पोरांचे कागद त्याच स्कॅनरवर स्कॅन करून देते, आणि एजंटांना तेच उत्तर देते. गल्फला गेलेल्या सुधीरला काही वर्षांनी तिथलं काम नकोसं झालं तेव्हा तो सरळ सोडून घरी आला. कागद त्याचा त्याच्याकडे होता, कोणाच्या पाया पडावं लागलं नाही. म्हणून खाला गेल्या त्या दिवशी तो रत्नागिरीत होता. जनाज्याला त्याने खांदा दिला.