पडायची नोकरी

आमचे मामा आयुष्यभर रंगमंचावर मेले. नाटक कंपनीत त्यांच्या वाट्याला पहारेकरी, शिपाई, दरोडेखोर असली कामं यायची आणि त्यांतलं कुणीच दुसऱ्या अंकाच्या पुढे जगत नसे. कंपनी बंद झाली तेव्हा मामांना पडण्याखेरीज काही येत नव्हतं.

विद्यापीठातल्या एक प्राध्यापकबाई एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी यंत्र बनवत होत्या. घरात कुणी पडलं की फरशीखालच्या सेन्सरांनी ते ओळखायचं आणि घंटा वाजवायची. पडणं कसं असतं हे त्याला शिकवायला माणूस हवा होता. मामांनी मुलाखतीत पडून दाखवलं आणि लागले.

"हे विद्यापीठात असतात," मामी शेजारणीला सांगायची. पुढचं सांगत नसे.

प्रयोगशाळेत पलंग, ओटा, न्हाणीघर असं खोटं घर मांडलेलं होतं. खाली मऊ गाद्या. मामा पडले रे पडले की घंटा वाजे. मग एकदा पाहुण्यांना समजावून सांगताना बाईच वायरीत पाय अडकून आडव्या झाल्या. घंटा वाजली नाही. पडद्यावर अक्षरं आली : 'व्यक्ती बसली आहे.'

बाईंनी खालूनच ते वाचलं.

"काका, तुम्ही फार सुंदर पडता," त्या म्हणाल्या.

"आभारी आहे."

"तेच चुकतंय. जरा वाईट पडा."

मामांनी जीव तोडून प्रयत्न केला. पण हात आपोआप डोक्याखाली जाई आणि चेहरा प्रेक्षकांकडे वळे.

"पडायला काय अक्कल लागते?" असं म्हणत मामी दुसऱ्या दिवशी सोबत गेली आणि आत शिरतानाच गादीला अडखळून कोसळली. सगळी प्रयोगशाळा खूश झाली. हेल्मेट देऊन तिलाही ठेवून घेतलं.

पण ती पडू लागली की मामा धावत जाऊन तिला सावरायचे. यंत्र पार गोंधळून गेलं.

"काका, मध्ये येऊ नका."

"ती पडतेय आणि मी बघत बसू?"

बाईंनी मामांची बदली शेजारच्या खोलीत केली. तिथे पडलेल्याला उचलायला शिकणारा एक यंत्रमानव होता. मामा पडून राहत आणि तो सावकाश येऊन त्यांच्या काखेत हात घालत असे.

मामी मधल्या सुटीत तिकडे डोकावली की त्याला बजावायची, "हळू रे, त्यांची कंबर धरते."

पुढे त्याचा वेग खरोखरच कमी करण्यात आला.