वळणावरचे दोन रूळ

आमच्या मुकादमांइतका सरळ रेषेवर जीव असलेला माणूस पेडणे तालुक्यात झाला नाही, आणि सरळ रेषेविषयी माझ्याइतकं बोललेलाही कोणी झाला नसेल. गोवा राज्य होऊन काही वर्षं लोटली होती, पेडण्यात रेल्वे यायची होती, आणि डिचोलीचा मी, डिप्लोमाची शाई ओली असतानाच, रूळ टाकणाऱ्या टोळीवर सुपरवायझर झालो होतो. मुकादम बांद्याकडचे, पन्नाशीचे. रुळांमधलं अंतर मापायची लोखंडी पट्टी त्यांच्यापाशी असायचीच, पण ती लावण्याआधी ते रुळाला गाल टेकून आडवे होत, एक डोळा मिटत आणि सांगत, "हंयसर केसभर भायर गेलोहा." मी पट्टी लावून बघे. केसभर बाहेर गेलेला असे. हा रोग कामापुरता नव्हता. मये गावातल्या एका लग्नात समोरासमोरच्या दोन पंगती शेवटाला जवळ येताना त्यांना दिसल्या, आणि वरण-भात वाढून झाल्यावर त्यांनी अकरा पाहुण्यांना पत्रावळींसकट उठवलं. नवऱ्याचा मामाही त्यात होता. "वाढपी मदसून जातलो कसो?" एवढंच त्यांचं म्हणणं.

अशा माणसाला मी भूमिती शिकवत असे. खडूने रुळांखालच्या स्लीपरवर दोन रेषा ओढून समांतर म्हणजे काय ते सांगे, आणि टोळी मन लावून ऐके, कारण तेवढा वेळ घण उचलावा लागत नसे. पुढे वळण आलं. मुकादमांनी आतला रूळ कापायला घेतला. मी थांबवलं. समांतर आहेत म्हणजे दोन्ही सारख्याच लांबीचे लागणार, असं मी ठणकावून सांगितलं.

"साहेबानू," ते म्हणाले, "देवळाक प्रदक्षिणा घालताना आतल्या अंगान चलता तो आदी पोचता."

मी म्हटलं, इथे देवळाचं गणित चालत नाही. त्यांनी करवत खाली ठेवली आणि रूळ न कापताच टाकला.

दुसऱ्या दिवशी मोठे इंजिनिअर तपासणीला आले. दोन्ही रुळांचे जे सांधे समोरासमोर यायला हवेत ते कुठेच जुळत नव्हते. आतला रूळ वीतभर पुढे गेला होता. कोणी सांगितलं, असं त्यांनी विचारलं. मी खिशातला खडू चाचपत राहिलो. मुकादम पुढे झाले. "चुकी माजी. माका वाटलां दोनय सारकेच लागतले."

त्यांची टोळी काढून घेतली आणि त्यांना खडी उतरवायला धाडलं. मी संध्याकाळी गेलो तर म्हणाले, "तुमची नोकरी अजून कच्ची आसा. माजी पाठ पक्की आसा."

दोन दिवस मला जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी इंजिनिअरसाहेबांकडे जाऊन मी खरं सांगितलं. ते कागदावरून मान वर न करता म्हणाले, "ठाऊक होतं. तुम्ही कधी येता ते बघत होतो." मुकादमांना टोळी परत मिळाली. मला पगारवाढ एक वर्ष उशिरा मिळाली, आणि आतला रूळ किती कापायचा ते मुकादमांनी मला, भर उन्हात पालथं निजवून, शिकवलं.

गाडी सुरू होईपर्यंत ते दुसऱ्या कामावर निघून गेले होते. मी पहिल्यांदा त्या वळणावरून गेलो तेव्हा हातात चहाचा ग्लास गच्च धरून बसलो होतो. चहा हललासुद्धा नाही. शेजारी बसलेल्या मोरजीच्या गृहस्थांना मुकादमांविषयी सांगावंसं वाटलं, पण ते खिडकीबाहेर बघत होते.